आर्ट्सच्या बाईला रसायनशास्त्र कशाला?

(यवतमाळ जिल्ह्यातील महिला गटांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सकाळी पोटगीवर बोलणं झालं, सातबाऱ्यावर बाईचं नाव लावण्यावर झालं. आता जेवणानंतर ही बाई रसायनशास्त्रावर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेत दोघीतिघींनी भिंतीला पाठ टेकलेली मला दिसतेय. टेका खुशाल. मीसुद्धा दहावीला विज्ञानाच्या तासाला अशीच बसायचे. फक्त कान इकडे ठेवा, कारण मी जे बोलणार आहे ते आपल्या शेताबद्दल, आपल्या पाण्याबद्दल आणि आपल्या अंगाबद्दल आहे.

मी केळापूर तालुक्यातली. दहावी झाली आणि लग्न झालं. चाळिशी ओलांडल्यावर सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी केली आणि २०२४ साली तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. मुख्य विषय समाजशास्त्र. त्याच वर्षी, म्हणजे २०२४-२५ पासून, राज्यातल्या संलग्न कॉलेजांना नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. त्यात एक नियम असा आहे की विद्यार्थ्याने आपल्या शाखेबाहेरचेही काही विषय घ्यायचे. आर्ट्सवाल्याने सायन्सचा किंवा कॉमर्सचा घ्यायचा. खिडकीवरच्या बाबूंनी मला पाहून आपुलकीनेच सांगितलं, "काकू, कॉमर्सचा पेपर घ्या, सोपा पडेल." माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलींनी तोच घेतला. मी यादी खालपर्यंत वाचली आणि प्राथमिक रसायनशास्त्रावर बोट ठेवलं. दोन क्रेडिट, म्हणजे सत्रभरात तीस तास.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. शेजारीण म्हणाली, "काहून वं बाई, आता या वयात शायन्स शिकून डाक्टरीन होतं का?" आम्ही दोघी खूप हसलो. पण प्रश्न खरा होता. आर्ट्सच्या बाईला रसायनशास्त्र कशाला? मी आज त्याचंच उत्तर द्यायला उभी आहे.

आपल्याकडे पऱ्हाटीवर जे फवारतात त्याला आपण काय म्हणतो? औषध. "औषध आणलं का, औषध मारलं का." दुकानदारही औषधच म्हणतो. आजारी लेकराला पाजतो तेही औषध आणि बोंडअळीवर मारतो तेही औषध. जास्त जहाल असेल त्या बाटलीवर मात्र कायद्याने विष असा शब्द छापलेला असतो. रसायनशास्त्राने मला पहिली गोष्ट कोणती शिकवली असेल तर ही, की वस्तूला तिच्या नावाने ओळखायचं. पदार्थ कोणता, किती आणि कशात मिसळलेला, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

२०१७ सालचं तुम्हाला आठवत असेलच. जुलै ते ऑक्टोबर, फवारणीचा हंगाम. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे फवारा तोंडावर, छातीवर येत होता. बॅटरीवर चालणाऱ्या पंपांतून धुक्यासारखे बारीक थेंब निघत होते. दोन-दोन, तीन-तीन प्रकारची विषं एकत्र करून मारली जात होती. आपल्या एका जिल्ह्यात किमान वीस शेतकरी आणि शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. कोणाच्या डोळ्यांसमोर अंधार, कोणाला उलट्या, कोणाला झटके. आमच्या घरातून माझ्या दिराला नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणतं औषध मारत होता?" आम्ही पाच-सहा माणसं उभी. एकाने सांगितलं, हिरव्या झाकणाचं. दुसऱ्याने सांगितलं, ज्याला लई वास येते ते. तो वाचला, पण पुढची दोन वर्षं त्याच्या हातांना कंप होता.

डॉक्टर तो प्रश्न का विचारत होते, हे मला सात वर्षांनी वर्गात कळलं. आमच्या मॅडमनी फळ्यावर समजावलं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ज्या घराण्यातली विषं आहेत त्याला ऑर्गॅनोफॉस्फेट म्हणतात. आपल्या शरीरात मज्जातंतूकडून स्नायूकडे निरोप पोचवणारं एक द्रव्य असतं. निरोप पोचला की ते द्रव्य साफ करणारं एक विकर असतं. हे विष त्या साफ करणाऱ्यालाच बांधून ठेवतं. मग निरोप थांबतच नाही. म्हणून लाळ गळते, घाम फुटतो, डोळ्यांतल्या बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडतात, शेवटी श्वास अडतो. त्यावर ॲट्रोपिन नावाचं इंजेक्शन चालतं. पण विष दुसऱ्या घराण्यातलं असेल तर उपचार वेगळा. म्हणून माणसाबरोबर बाटली किंवा तिचं लेबल दवाखान्यात गेलं पाहिजे. एवढं एक वाक्य आपल्यापैकी प्रत्येकीने गावात जाऊन सांगितलं तरी माझं इथलं बोलणं फुकट गेलं नाही, असं मी समजेन.

आता लेबलाकडे येऊ. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे त्याचे नियम सांगतात की बाटलीवर चौकोनात एक रंगीत त्रिकोण असला पाहिजे. लाल, पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे पिकाला चांगलं असा अर्थ मी आमच्या गावात ऐकलेला आहे. खरा अर्थ असा. प्रयोगातल्या उंदरांपैकी निम्मे मरायला, वजनाच्या दर किलोमागे, तोंडावाटे किती मिलिग्रॅम विष लागतं त्यावर रंग ठरतो. ५० मिलिग्रॅमपर्यंत पुरलं तर लाल. ५१ ते ५०० पिवळा. ५०१ ते ५,००० निळा. त्याहून जास्त लागलं तर हिरवा. म्हणजे हिरवाही विषच, पण त्यातल्या त्यात सौम्य.

यातला "दर किलोमागे" हा शब्द मी वहीत दोनदा अधोरेखित केला. उंदराचा हिशेब माणसाला तंतोतंत लागू होत नाही, हे मॅडमनी बजावून सांगितलं. पण हिशेबाची रीत बघा. ५० ला ७० किलोच्या गड्याने गुणा, साडेतीन ग्रॅम होतात. ४० किलोच्या बाईने गुणा, दोन ग्रॅम. दहा किलोच्या लेकराने गुणा, अर्धा ग्रॅम. आपल्याकडे सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलेलं खाणाऱ्या बाईचं वजन किती असतं, ते तुम्हाला माहीत आहे. तीच बाई फवारणीच्या दिवशी विहिरीवरून गुंडीने पाणी आणते, ड्रम भरते, काडीने ढवळते आणि लेकरू बांधावर ठेवते. तिचं नाव फवारणाऱ्यांत कोणी धरत नाही. विषबाधेची नोंद होते तेव्हा पाठीवर पंप असलेला माणूस दिसतो. पाणी आणणारी, ढवळणारी, संध्याकाळी ते कपडे धुणारी बाई, तिची डोकेदुखी आणि मळमळ घरातच राहते.

दुसरी गोष्ट, टक्के. बाटलीवर ३६ टक्के लिहिलं असेल तर शंभर भागांत ३६ भाग मूळ विष. आता समजा माहितीपत्रकात सांगितलं आहे की एका लिटर पाण्याला दोन मिली घ्या. पंप १५ लिटरचा. म्हणजे एका पंपाला ३० मिली. हे गणित चौथीतली पोरगी करेल. पण शेतात माप कोणतं असतं? टोपण. आणि टोपण प्रत्येक बाटलीचं वेगळं. वरून "अळी मरत नाही, अजून अर्धं टोपण टाक." दोन विषं एकत्र करताना प्रत्येकाची पूर्ण मात्रा टाकली तर पंपात एका पंपाचं नाही, दोन पंपांचं विष झालं. आम्हाला प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी मोजनळी हातात दिली आणि सांगितलं की डोळा पाण्याच्या पातळीच्या रेषेत आणून वाचा. त्या दिवशी बाजारातून मी लेकराच्या औषधाची मापं असलेली प्लास्टिकची वाटी आणली, तिच्यावर लाल रंगाने खूण केली आणि फवारणीच्या सामानात ठेवून दिली. ती दुसऱ्या कशालाही वापरायची नाही, असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

तिसरी गोष्ट साबणाची. काही बाटल्यांवर ई.सी. अशी अक्षरं असतात. ते विष तेलासारख्या द्रवात विरघळवलेलं असतं. पाण्यात ओतलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तेलात विरघळणारी वस्तू कातडीतून आत शिरते आणि नुसत्या पाण्याने निघत नाही. तुपाचे हात नुसत्या पाण्याने निघतात का? साबणाच्या कणाला दोन टोकं असतात, एक पाण्याकडे ओढ घेणारं, एक तेलाकडे. मॅडम हे सांगत होत्या तेव्हा मला हसू आलं. एक पाय माहेरी, एक सासरी, अशी आपलीच गत. पण त्या दोन टोकांमुळेच तेल सुटून पाण्याबरोबर वाहून जातं. म्हणून फवारणीचे कपडे वेगळे, साबण लावून, हातात मोजे घालून धुवायचे आणि घरातल्या कपड्यांच्या बादलीत बुडवायचे नाहीत. बाई जे रोज उठून करते त्याच कामामागे शास्त्र आहे. तिला ते कोणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

आता पाणी. आपल्या जिल्ह्यात बऱ्याच गावांच्या हापशीच्या पाण्यात फ्लोराइड आहे. दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, पुढे पुढे गुडघे आणि पाठ आखडणं. दातांवरून मुलगी नापसंत झालेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. पाण्यातलं फ्लोराइड लग्नाच्या बाजारात मुलीच्या खात्यावर पडतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरं पाणीच नसेल तर १.५ ही शेवटची हद्द. एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम म्हणजे दहा लाखांत एक भाग. न रंग, न वास, न चव.

आणि आपल्याला वर्षानुवर्षं काय सांगितलं गेलं? पाणी उकळून प्या. जंतूंसाठी ते अगदी बरोबर आहे. पण फ्लोराइड हा जंतू नाही. तो उकळून मरत नाही, वाफ होऊन उडत नाही. पाण्याची वाफ होते आणि फ्लोराइड भांड्यातच राहतं. चार लिटरचं आटून तीन लिटर झालं, तर चार लिटरमधलं सगळं फ्लोराइड त्या तीन लिटरमध्ये. म्हणजे बाईने सरपण आणलं, चुलीचा धूर खाल्ला, आणि पाणी होतं त्याहून वाईट झालं. नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड कमी करण्याची रीत बसवली. नालगोंडा पद्धत असं तिचं नाव. तीही अंदाजाने करायची नाही. पाणी कसं आहे ते तपासून तुरटी किती ते ठरतं. परत तोच प्रश्न, कोणता पदार्थ आणि किती?

२०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायांना पाणी तपासायची पेटी वापरायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं. तुमच्यापैकी काहीजणी त्या पाच जणींत असतील. चांगली गोष्ट आहे. पण काय होतं? नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग आला की तक्त्याशी जुळवायचा, आकडा वर पाठवायचा. बाईचे हात वापरले, बाईचा वेळ वापरला, आणि आकड्याचा अर्थ तिच्याकडे राहिला नाही. आकडा २.५ आला, तर पुढे काय? कोणाला विचारायचं, कोणती हापशी बंद करायला सांगायची, ग्रामसभेत काय मांडायचं? अर्थ कळला तर ती भांडेल. कळला नाही तर सही करून घरी जाईल.

माझा मुद्दा इथे आहे. दहावीपर्यंत सगळे विज्ञान शिकतात. अकरावीला फाटा फुटतो. सायन्सला जायचं तर ट्यूशन, प्रॅक्टिकल, बसचा पास, कधी शहरात खोली. घरात एक पोरगा आणि एक पोरगी असेल तर तो पैसा कोणावर लागतो, हे मी सांगायला नको. पोरगी जवळच्या कॉलेजात आर्ट्सला. आणि मग आपणच म्हणतो, मुलींना सायन्स जमत नाही. ज्या घरात विष कपाटात आहे आणि फ्लोराइड माठात आहे, त्या घरात पाणी भरणारी, धुणी धुणारी, स्वयंपाक करणारी व्यक्ती सोळाव्या वर्षी विज्ञानापासून तोडली जाते. कमी मार्कांची गोष्ट असती तर एवढं वाटलं नसतं. ही आपल्या जिवाची गोष्ट आहे.

बायांना या दाराबाहेर ठेवणं जुनं आहे. कमला सोहोनी, त्या वेळच्या भागवत, मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. १९३३ साली त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला, तेव्हा सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नकार दिला. नोबेल मिळालेला माणूस! त्या हटल्या नाहीत. शेवटी अटी घालून त्यांना घेतलं. १९३९ मध्ये त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. मला त्यांची पुढची गोष्ट अधिक आवडते. त्या ग्राहक चळवळीत उतरल्या, 'कीमत' या तिच्या मासिकात लिहू लागल्या. प्रयोगशाळेतली विद्या त्यांनी स्वयंपाकघरातल्या बाईपर्यंत आणली. आपल्याला केंब्रिजला जायचं नाही. पण ती विद्या आपल्या ओट्यापर्यंत यायला हवी, हा हट्ट आपण धरू शकतो.

एक गंमत सांगते. लिटमसच्या तासाला मॅडमनी हळदीचं पाणी घेतलं आणि त्यात चुन्याची निवळी टाकली. पिवळं पाणी लालभडक झालं. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे तर आपण धुण्याच्या दगडावर रोज बघतो. हळदीपासून घरी कुंकू करायच्या जुन्या रीतींतही चुना किंवा टाकणखार पडतो. हळद अल्कलीत लाल होते, लिंबू पिळलं की परत पिवळी. माझ्या बाजूला बसलेल्या पोरीच्या आईचं कुंकू २०१५ साली पुसलं गेलं. कर्ज झालं होतं, बापाने तेच फवारणीचं विष घेतलं. तेव्हापासून आईला हळदीकुंकवाला कोणी बोलावत नाही. ती पोरगी नळीकडे बघत हळूच म्हणाली, "काकू, हे तर नुसतं चुन्याचं काम आहे." मी काही बोलले नाही. बोलायची गरजही नव्हती.

तेव्हा आपण काय करायचं? चार कामं सांगते आणि बसते.

एक. जून संपायच्या आत, फवारणी सुरू होण्याआधी, प्रत्येक गटाने एक बैठक लेबल वाचायची घ्यावी. घरोघरच्या रिकाम्या बाटल्या पिशवीत घालून आणा, उघड्या हाताने धरू नका. नाव, टक्के, त्रिकोण आणि उतारा, एवढं मोठ्याने वाचायचं. नियमाप्रमाणे माहितीपत्रक इथल्या भाषेतही असलं पाहिजे. अक्षर मुंगीएवढं असतं, म्हणून दहावीतल्या पोरीला वाचायला बसवा. २०२३ साली केंद्र सरकारने ३६ टक्क्यांचं मोनोक्रोटोफॉस बंद करायचा आदेश काढला. ते कोणाच्या घरी पडलेलं असेल तर तेही त्या बैठकीत कळेल.

दोन. कृषी केंद्रावर बाईने स्वतः जावं आणि पक्की पावती मागावी. मला एका दुकानात ऐकवलं गेलं, "बाई, तुमचा माणूस पाठवा, तुमाले नाही समजत." मी विचारलं, यातलं मूळ विष कोणतं आणि किती टक्के? त्यांनी बाटली फिरवून वाचायला घेतली. त्यांनाही वाचूनच सांगावं लागलं.

तीन. पाणी तपासणाऱ्या पाच जणींनी आकडा वर पाठवण्याआधी तो वहीत लिहावा आणि ग्रामसभेत वाचून दाखवावा.

चार. आपल्या पोरी बी.ए.ला आहेत, त्यांना सांगा की यादी खालपर्यंत वाचा. जिथे कॉलेजात नुसतं आर्ट्स आहे, प्रयोगशाळाच नाही, तिथे शाखेबाहेरचा विषय निवडा म्हणणं ही थट्टा आहे. तिथे आपण मिळून निवेदन द्यायचं, की शेजारच्या सायन्स कॉलेजची प्रयोगशाळा आठवड्यातून एकदा आमच्या पोरींना उघडा. आणि शिकवा आमच्या भाषेत. सूत्रं इंग्रजीत राहू देत, समजावणं मराठीत पाहिजे.

माझ्या पेपरचा निकाल लागला, मी पास झाले. मार्क सांगत नाही. पण शेजारणीला आता उत्तर देता येतं. डॉक्टरीण होत नाही गं माय, पण डॉक्टरने विचारलं तर सांगता येते. आणि कोणी न विचारताही विचारता येते, हे काय आहे आणि किती आहे म्हणून.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला ज्या गटांना मोजायची वाटी हवी असेल त्यांनी चहाच्या वेळेत माझ्याकडे नाव द्या. वीस वाट्या आणल्या आहेत, दहा रुपयाला एक.